छपरावरची जागा

गाडीच्या डाव्या दारावर लांबलचक हिरवा ओरखडा. रंग दुसऱ्याच्या गाडीचा.

पास्टर आज क्षमेवर बोलले. बोलताना या घरच्यांच्या, म्हणजे सायझमोरांच्या, बाकाकडे बघत होते.

गॅरेजच्या दारात शेंगदाण्याची टरफलं. कोणी खाल्ली, ते कोणी कबूल करत नाही.

ओव्हनमध्ये बिस्किटं.

फौजदार तळ्यात पडायला अजून थोडा वेळ आहे.

फौजदार तळ्यात पडला की बिस्किटं काढायची, हे या घरातलं रविवारचं घड्याळ. चर्चहून आलं की तीच जुनी मालिका लागायची. पिवळी गाडी पुढे, पोलिसांच्या गाड्या मागे, उडत्या कोंबड्या, आणि शेवटी तळं. सगळ्यांना सगळं पाठ. तरी मोठ्या खुर्चीत बसलेला हॉइट टीव्हीतल्या पोरांना ओरडून वाट दाखवायचा, शनिवारच्या मोटार शर्यतीत प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपरावरून रेडिओवर लेकीला दाखवायचा तशीच.

"आत एक गाडी आहे. अजून आत. अजून... मोकळं!"

सोफ्यावर लेक रोंडा कोपरावर बर्फ धरून बसली होती. 'मोकळं' ऐकताच तिचा पाय आपोआप दाबला गेला. गालिच्यावर.

काल शर्यतीतही तो असाच दाबला गेला होता. हेल्मेट घालून पट्ट्यांनी आवळून बसलं की बाजूचं काही दिसत नाही. छपरावरचा माणूस कानात सांगेल ते खरं. तिसऱ्या वळणावर डॅडी म्हणाले, मोकळं. ती वळणाच्या आतल्या बाजूला, खाली आली. मोकळं नव्हतं. दुसऱ्या नंबरवर असलेली तिची गाडी भिंतीला चिकटली. त्यानंतर बापलेकीत एकच वाक्य झालं होतं, तेही मिठाबद्दल.

पुढच्या शनिवारी हंगामातली शेवटची शर्यत. छपरावर डॅडी नकोत, हे तिला आज सांगायचं होतं. प्रवचनभर ती तेच घोकत होती.

"टरफलांमुळे झालं," हॉइट म्हणाला. "गाडीजवळ शेंगदाणे खाल्ले की गाडी ठोकणारच. माझा बाप सांगायचा."

"मला शेंगदाणा नाही धडकला, डॅडी. गाडी धडकली."

"तीही हिरवी," डेल्मर म्हणाला. तो रोंडाचा भाऊ. चर्चला दांडी मारून सकाळभर पत्रा ठोकत बसला होता. "हिरवी गाडी शेजारी आली की समजायचं, आज काही खरं नाही."

"हिरवी होती?" हॉइट म्हणाला.

डेल्मरने रोंडाकडे बघितलं.

"हॉइट, चहात साखर पुरे ना रे?" स्वयंपाकघरातून मम्माचा आवाज आला. चहाचा ग्लास अजून तिच्याच हातात होता.

तेवढ्यात टीव्हीचं चित्र गेलं. आवाज चालू, पडदा काळा. हे नेहमीचंच, वरून एक चापट मारली की चित्र परत येतं. डेल्मरने हात उचलला. रोंडाने त्याचं मनगट धरलं.

"पुलावर चढला," हॉइट काळ्या पडद्याला म्हणाला. "बाहेरून एक येतोय. अजून बाहेर. थांब, घाई नको... मोकळं! घे खाली!"

सायरन. कोंबड्या. धप्प.

"पडला!" हॉइटने मांडीवर थाप मारली. "वर्लीन, बिस्किटं!"

स्वयंपाकघरात झाकण पडलं.

"डॅडी," रोंडा हळूच म्हणाली, "टीव्ही काळा आहे."

"रात्रीचा पाठलाग आहे तो."

"फौजदार भर दुपारी पडतो," डेल्मर म्हणाला. "टोपीवर ऊन असतं."

हॉइटने डोक्यावरची टोपी काढली. घरात तो ती फक्त जेवणाआधीच्या प्रार्थनेला काढायचा.

"मला कानाने गाडी चालवावी लागते, डॅडी."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग कोणाला चढवणार वर? त्या बडबड्या बकच्या पोराला? तो प्रत्येक वळणावर तुला घरच्यांची खुशाली विचारेल."

रोंडाने घोकलेलं नाव बकच्या पोराचंच होतं. ते ओठांवर येऊन अडलं. दारात मम्मा उभी होती, दोन्ही हातांत जाड हातमोजे, त्यांत बिस्किटांचा ट्रे. दर शनिवारी ती थर्मास घेऊन छपरावर हॉइटच्या शेजारी उभी असायची. शेजारच्या अंगणातलं मांजर कोणाचं, हे ती खिडकीतून ओळखायची.

"मम्मा राहील उभी," रोंडा म्हणाली. "घारीसारखी नजर आहे तिची. आणि तिच्या हातून कधी चूक होत नाही."

ट्रे तिरका झाला. दोन बिस्किटं जमिनीवर गेली.

"मी? अगं, मला काय कळतंय त्यातलं?"

हॉइटने बायकोकडे बघितलं. आधी त्याचे खांदे हलले. मग पोट. मग असा काही हसत सुटला की त्याला ठसका लागला. डेल्मरने त्याच्या पाठीत चापट मारली आणि हात उचललेलाच होता म्हणून टीव्हीलाही एक दिली. चित्र आलं. तळ्यात फौजदार बसला होता.

"यात हसण्यासारखं काय आहे?" रोंडाने विचारलं.

"काही नाही, पोरी. काही नाही." त्याने डोळे पुसले. "चांगली निवड केलीस. वर्लीन, हेडफोन तुझे. थर्मास मी धरतो."

"हॉइट, तोंड उघडलंस तर बघ."

"मी कशाला उघडू? कालपासून बंदच आहे ते."

मम्मा वाकून बिस्किटं उचलायला लागली. बराच वेळ उचलत राहिली. दोनच तर होती.

काल, शनिवारी, तिसऱ्या वळणावर हॉइटने नेहमीसारखं माइकवर हात ठेवून बायकोला विचारलं होतं, "मोकळं आहे का?" वर्लीन तेव्हा खालच्या रांगेत बसलेल्या ओपल पेनिंग्टनचे नवे लाल केस बघत होती. ती म्हणाली, "मोकळं."