खिडकीतली आई

"सत्यशीले, आई काय रानातून बोलतीय का?" आदिनाथदादाने तालीम थांबवून कपाळाला हात लावला. "लेक शेजारी उभी हाय तिची. कानठळ्या बसतील की पोरीला."

सगळे हसले. सत्यशीलाही हसली, सगळ्यांत जोरात. नववीतली ही पोरगी म्हणजे आवाजांचं गाठोडंच. रेडकू म्हणा, एसटीचा कंडक्टर म्हणा, माईक सोडवत नाही असा पुढारी म्हणा, तिने तोंड उघडलं की तो खोलीत हजर. वर्षापूर्वी तिला वर्गात हजेरी द्यायचीसुद्धा लाज वाटायची. आता दोन हातांत दोन बाहुल्या चढवून ती स्वतःशीच भांडायची आणि बघणारे पोट धरून हसायचे. फक्त आई काही तिला जमत नव्हती. वाक्य एवढंसं, 'चल गं, घरी जाऊ.' पण ते निघायचं लांबून, ओरडून, मध्येच तुटत.

आदिनाथदादा सुप्याच्या कंपनीतली नोकरी सोडून पाथर्डीजवळच्या आपल्या गावी परतला होता. गावाच्या कडेची ही बंद इमारत झाडूनपुसून त्याने तिच्यात बाहुल्यांचा स्टुडिओ काढला. त्याला वर्ष होणार म्हणून इमारतीचीच गोष्ट बसवायची ठरली. तो गावभर विचारत फिरला. कुणी म्हणालं, धान्याचं गोदाम हुतं. कुणी म्हणालं, दुधाची डेअरी. कोडं राहिलं ते मधल्या खिडकीचं. हॉल आणि ऑफिस यांच्यामधल्या भिंतीत ती होती. बुटकी, बिनगजांची. तिच्या लाकडी कट्ट्याचा हिरवा रंग मधोमध उडून लाकूड गुळगुळीत झालेलं. आदिनाथदादाने तिलाच पडदा लावून बाहुल्यांचा मंच केला होता. रंग डेअरीच्या किटल्या घासून गेला, असं गावातल्या रामहरी तात्यांनी ठोकून दिलं. गोष्टीतही तेच गेलं. आई किटली घेऊन येते, दूध घालते, लेकीला म्हणते, चल गं, घरी जाऊ.

सत्यशीलाने बाहुलीच्या हातात किटली अडकवली. तिला खरं काय ते माहीत होतं.

डेअरी बंद पडल्यावर काही हिवाळे इथं ऊसतोड्यांच्या पोरांचं वसतिगृह चाललं; ते मात्र गावात कुणाच्या तोंडी आलं नव्हतं. दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर जायचे आणि पोरं इथं राहायची. सत्यशीला याच हॉलमध्ये सतरंजीवर झोपून चौथी पास झाली होती. रेंज तेवढी खिडकीतच यायची. म्हणून वसतिगृहाचे सर रविवारी आपला मोबाईल कट्ट्यावर ठेवायचे, स्पीकर चालू करून. पोरांनी रांगेत यायचं, कट्ट्यावर कोपरं टेकायची आणि बोलायचं. तो रंग कोपरांनी उडाला होता. फोनमध्ये वारा घोंगावायचा, ट्रॅक्टर धडधडायचा आणि उसाच्या फडातून आई ओरडायची, ऐकू येतंय का, जेवलीस का. 'मला तिकडंच घेऊन जा' एवढंच सत्यशीलाला सांगायचं असायचं. पण मागं अख्खी रांग कान टवकारून उभी. मग ती "जेवले" म्हणायची आणि बाजूला व्हायची.

आई यंदाही तिकडंच होती, सत्यशीला चुलतीकडे. मैत्रिणींना ती सांगायची, आईपप्पा शुगर फॅक्टरीवर असतात. खोटं नव्हतं ते. ऐकणाऱ्याला ऑफिस दिसायचं, त्याला ती तरी काय करणार.

आता मात्र आदिनाथदादाने निकाल लावला. उद्या रंगीत तालमीतही आई रानातूनच बोलली, तर आईची बाहुली गटातल्या स्नेहलची.

स्नेहलची आई रोज संध्याकाळी तिला न्यायला यायची. फाटकाशी उभी राहून म्हणायची, चल गं. इतकं साधं, की बोलली हेसुद्धा कुणाच्या ध्यानात येऊ नये. सत्यशीलाने तो आवाज कान देऊन ऐकला, घरी जाताना वाटभर घोकला आणि तालमीत जसाच्या तसा काढला. आदिनाथदादा खूश. टाळ्याही पडल्या. तिला मात्र हातातली बाहुली परकी वाटली. ती स्नेहलची आई झाली होती.

कार्यक्रमाला हॉल भरला. पुढं सतरंजीवर ऊसतोड्यांच्या वस्तीवरची लहान पोरं बसली होती. त्यांचेही आईबाप दिवाळी होताच कारखान्यावर गेलेले, कुणी आत्यासोबत आलेलं, कुणी मावशीसोबत. गोदाम झालं. डेअरी आली. सत्यशीलाने आईची बाहुली उजव्या हातावर चढवली आणि खिडकीत वर केली. पडद्याच्या फटीतून तिला कट्ट्यावरचं उघडं लाकूड दिसलं.

स्नेहलच्या आईचा आवाज घशातून वर येईना. आला तो दुसराच.

"हॅलो... ऐकू येतंय का गं? जेवलीस का?"

पडद्यामागं स्नेहलने तिला चिमटा काढला, हे कुठंय गोष्टीत? आदिनाथदादा हातवारे करत होता. आता कळणार होतं सगळ्यांना, शुगर फॅक्टरीवर म्हणजे कुठं ते.

तेवढ्यात सतरंजीवरून एक पोरगी उठली. वस्तीवरची रुपाली, नुकती पहिलीत गेलेली. वसतिगृह तिने पाहिलंही नव्हतं. मावशी मागून हाका मारत राहिली, पण ती सरळ खिडकीशी आली, टाचा उंचावल्या आणि रंग उडालेल्या जागी बरोबर कोपरं टेकून उभी राहिली. मग तिने पडदा जरासा सारला आणि हळूच म्हणाली,

"ताई, स्पीकर बंद कर ना. मला आईला एकटीला सांगायचंय."

सत्यशीलाच्या हातावरची आई खाली वाकली, पोरीच्या कानाशी गेली आणि जराही न ओरडता म्हणाली,

"सांग गं. कुणीबी ऐकत न्हाई."