गोटाच्या आत

"ती गोधडी भिंतीवरून उतरव. आत्ताच्या आत्ता," आई फोनवर म्हणाली.

डार्सीला हसू आलं. आई तिकडे वायोमिंगमध्ये, साडेचारशे मैलांवर, आणि हुकूम असा की जणू स्वयंपाकघरातून ओरडतेय.

"नाही उतरवता येत, आई. परीक्षक बघून गेलेत. रविवारपर्यंत हात लावला तर मी स्पर्धेतून बाद."

"मला न विचारता ट्रंकेतून काढलीस."

"विचारलं असतं तर दिली असतीस?"

आईनं फोन ठेवून दिला. डार्सीनं मनावर घेतलं नाही. प्रदर्शनाचा फोटो पाठवून आईला चकित करायचा तिचा बेत होता, आणि आई चकित झाली होती एवढं खरं.

गोधडी लहानशीच, पिवळ्या-हिरव्या तुकड्यांची. डार्सी पोटात असताना आईनं शिवलेली. बावीस वर्षांत मायलेकींनी नऊ गावं बदलली, पण ती ट्रंक प्रत्येक घरी आली. गोधडी कधी अंगणातल्या दोरीवर वाळत पडली नाही, की पाहुण्यांसमोर निघाली नाही. डार्सीला वाटायचं, आईला आपल्या शिवणाची लाज वाटत असावी. आईनं लावलेलं बटण दोन दिवस टिकलं तरी घरात कौतुक व्हायचं. "तुझ्या वेळी सहा महिने बसून शिवली. तेवढ्यातच सुईचा कंटाळा आला," आई म्हणायची. आणि लेकीनं डाव्या हातानं कात्री धरली की पुटपुटायची, "कुणावर गेलीयस देव जाणे."

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत घरी गेली तेव्हा डार्सीनं ती गोधडी गुपचूप बॅगेत घातली. लिंकनला कॉलेजात परतल्यावर भिंतभर करड्या लिननच्या नव्या गोधडीत, खालच्या कोपऱ्यात, ती तशीच्या तशी बसवली. तिच्या काठाचा गोटसुद्धा उसवला नाही. बाकी सगळा पट रिकामा. खाली पाटी लावली : 'आईचे टाके'.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं प्रदर्शन होतं. कुणी प्लास्टिक शिवलं होतं, कुणी संगणकावर छापलेलं कापड. लोक मात्र थांबत होते ते डार्सीच्या गोधडीपुढे. पहिली आली तर वर्षभरासाठी स्वतःची काम करायची खोली मिळणार होती. नाही तर परत गावाकडे, आई काम करायची त्याच खानावळीत ताटं उचलायला. अट एकच होती, कापड कुठून आलं ते खरं सांगायचं.

शनिवारी दुपारी पांढऱ्या हातमोज्यांची पाळी जोलीन नावाच्या बाईंकडे होती. कॅन्ससमधल्या एका गोधडीमंडळातून त्या मदतीला आल्या होत्या. प्रेक्षकांनी गोधडीला हात लावायचा नसतो. मागची बाजू बघायची असेल तर हातमोजेवालीला बोलवायचं, ती कोपरा उलटून दाखवते. जोलीनबाईंनी एका म्हाताऱ्याला डार्सीचा कोपरा उलटून दाखवला. म्हातारा बघून पुढे गेला, तरी त्यांनी कोपरा खाली सोडला नाही.

"पोरी, ही जुनी कुठे विकत घेतलीस?"

"विकत नाही घेतली. माझ्या आईनं शिवलीय."

"आई डावखुरी आहे?"

"नाही. का?"

"टाके डाव्या हाताचे आहेत." त्यांनी अस्तरावरची चौकोनी जागा बोटानं दाखवली. तिथे सुईची बारीक भोकं होती. "इथे नावाची पट्टी होती. कुणीतरी काढलीय."

"गळून पडली असेल."

"ही मी शिवलेली आहे. मी नाव दोनदा घालते. एक दिसेल असं, एक गोटाच्या आत. दुसरं माझ्याशिवाय कुणाला माहीत नसतं."

एव्हाना डार्सीचे शिक्षक हेन्ड्रिक्स सर जवळ आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उसवायचं का?" त्यांनी डार्सीला विचारलं. "नको म्हणायचा तुला हक्क आहे."

नको म्हटलं असतं तर आईवरचा डाग तसाच राहिला असता. या बाईंना खोटं पाडायचं, बस्स. डार्सीनं शिवण उसवायचं हत्यार स्वतःच डाव्या हातात घेतलं. जोलीनबाईंनी दाखवलेल्या जागी सात टाके तोडले. गोटाच्या घडीतून पांढरी फीत बाहेर आली, तिच्यावर निळ्या दोऱ्यानं शिवलेली अक्षरं : 'आयव्हीसाठी. मार्च. जोलीन.'

सरांनी भिंतीवरची पाटी हळूच काढली.

डार्सीला भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लहानपणापासून ज्या गोष्टीचा तिला अभिमान होता ती चोरीची निघाली होती. आईवर इतका राग तिला कधीच आला नव्हता.

"मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आईनं मला वेगळंच सांगितलं होतं. बक्षीस गेलं तर जाऊ दे. मी ही आत्ता काढून देते. तुमच्या आयव्हीला द्या आणि माझ्यातर्फे माफी मागा."

जोलीनबाईंनी हातमोजे काढले. त्या गोधडीकडे बघतच नव्हत्या. त्या डार्सीच्या डाव्या हाताकडे बघत होत्या, मग चेहऱ्याकडे.

"पोलिसांत तक्रार केली होती का?" सरांनी विचारलं.

"केली होती. बावीस वर्षं झाली," जोलीनबाई म्हणाल्या. "पण गोधडीची नाही. नेली तेव्हा आयव्ही तिच्यात झोपली होती."