वाट देण्याची रीत

“रोज अशीच यायची ती!” ओगाता आजी व्हॅनच्या खिडकीतून ओरडून सांगत होत्या. “न बघता, न थांबता! मी म्हणतच होते, ही बाई एक दिवस जिवाला मुकणार.”

पोलीस हवालदाराने ते लिहून घेतलं. कोपऱ्यावरच्या तंबाखूवाल्याने तेच सांगितलं, समोरच्या लाँड्रीवालीनेही तेच. अपघाताच्या वेळी आजी चष्मा पुसत होत्या, तंबाखूवाला आत पेट्या उघडत होता आणि लाँड्रीवाली आवाज ऐकून बाहेर आली होती. पाहिलं कुणीच नव्हतं. सांगत मात्र सगळे होते.

रस्त्याच्या मधोमध सायकल आडवी पडली होती. पुढच्या टोपलीतली कांद्याची पात मधल्या पांढऱ्या रेघेवर विखुरली होती. किनुयो तागामीला अॅम्ब्युलन्सने नेऊन पाऊण तास झाला होता आणि नुकताच इस्पितळातून फोन आला होता. ती गेली.

फूटपाथच्या कडेला स्कूटरवाला डोकं धरून बसला होता. थांबलेल्या व्हॅनच्या उजवीकडून पुढे काढताना त्याने तिला उडवलं होतं. ती नेहमीसारखी अचानक आडवी आली असेल, तर तो बराचसा सुटणार होता. नसेल, तर तुरुंग होता. आणि ते ठरणार होतं व्हॅनच्या ड्रायव्हरच्या एका शब्दावर. व्हॅनमधला कॅमेरा महिनाभर बंद पडून होता.

ड्रायव्हर मिनेगिशी साठीला टेकलेला माणूस. म्हाताऱ्यांना सकाळी घरून उचलायचं, त्यांना दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात पोचवायचं, संध्याकाळी परत सोडायचं, हे त्याचं काम. बत्तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे तो ओळख करून देतानाच सांगायचा. सायकलवाल्यांचा त्याला मनस्वी राग. त्यातही या बाईचा जास्त. सकाळी साडेआठ वाजले की ती या गल्लीतून सुसाट बाहेर पडायची. पाऊस असला की एका हातात छत्री. मिनेगिशी हॉर्नवर हात दाबून कचकन ब्रेक मारायचा, आणि ती मागे वळूनही न पाहता पलीकडे पसार झालेली असायची.

फेब्रुवारीत अशाच एका ब्रेकला मागच्या सीटवरच्या आजोबांचं मनगट मोडलं. त्यांच्या मुलासमोर वाकून माफी कुणी मागितली? मिनेगिशीने. ते त्याच्या मनात सलत राहिलं. शेवटी काल त्याने, ती बाई जेवणाचे डबे भरायच्या कामाला जायची ते दुकान शोधून काढलं आणि मालकाला चार खडे बोल सुनावले.

संध्याकाळी मालक तिला घेऊन त्याच्या दारात हजर. हातात मिठाईचा खोका. किनुयो उंबऱ्याशी वाकली ती वाकलेलीच राहिली.

“सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत,” ती खाली बघतच म्हणाली. “त्यांचं सगळं आवरून निघेपर्यंत...”

“ते मला नका सांगू. रस्ता काय तुमच्या एकटीचा आहे? गल्लीच्या तोंडाशी थांबायचं. उतरायचं. दोन्हीकडे बघायचं. आणि कुणी वाट दिली, तर वाकून आभार मानायचे. एवढी साधी रीत कुणी शिकवली नाही तुम्हाला?”

“उद्यापासून नक्की,” ती म्हणाली.

मालकाने तिच्या पाठोपाठ पुन्हा एकदा मान लववली. ते गेल्यावर मिनेगिशीने बायकोला चहा ठेवायला सांगितलं. खोक्यात लाल पुरणाची मिठाई होती. त्याने तीन खाल्ल्या. चांगल्या गोड लागल्या.

“मिनेगिशीसान,” हवालदार आता त्याच्याकडे वळला. त्याचा आवाज समजुतीचा होता. “हिच्याबद्दल सगळ्यांचं एकच म्हणणं आहे. आजही तशीच सुसाट घुसली ना? तुम्ही ‘हो’ म्हणा, सही करा आणि निघा. केंद्रात आजी-आजोबांच्या आंघोळीची वेळ होतेय.”

स्कूटरवाल्याने मान वर केली. ओगाता आजींनी खिडकीतून आणखी डोकं बाहेर काढलं.

“नाही,” मिनेगिशी म्हणाला.

“काय नाही?”

“आज ती थांबली होती. सायकलवरून उतरली. दोन्हीकडे बघितलं. मीही गाडी थांबवली आणि ‘जा’ म्हणून हात केला. तेव्हाच ती निघाली.”

“अहो, मग झालं काय?”

“रस्त्याच्या मध्यावर गेली आणि थांबली. माझ्याकडे वळली. आभार मानायला वाकली. कमरेपासून.”

हवालदाराचं पेन थांबलं. “रस्त्याच्या मधोमध?”

“मी सांगितलं होतं तिला. काल संध्याकाळी.”

तंबाखूवाल्याने खाली वाकून कांद्याच्या चार काड्या उचलल्या आणि कुठे ठेवाव्या ते न कळून तशाच हातात धरल्या. हवालदाराने आधी लिहिलेल्या ओळीवर काट मारली. मग व्हॅनच्या उजव्या आरशाकडे बघितलं. आरसा लख्ख पुसलेला होता. त्यात मागचा सगळा रस्ता पार सिग्नलपर्यंत दिसत होता.

“स्कूटर तर लांबून दिसायला हवी होती तुम्हाला,” तो हळूच म्हणाला. “रोज त्या बाईला बघून हॉर्न देता. आज का नाही दिला?”

मिनेगिशीने आपल्या पांढऱ्या हातमोज्यांकडे बघितलं.

“ती वाकली,” तो म्हणाला, “म्हणून मीही मान खाली घातली होती.”