भात्याची शीळ

थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी जावयाने मला नवी हार्मोनियम आणली. जुन्या पेटीवर माझा जीव होता, पण तिच्या भात्याला भोक पडलं होतं. हवा भरली की शीळ वाजायची. ती मी दुरुस्तीवाल्याला देऊन टाकली.

त्याच संध्याकाळी बायकोच्या श्वासात तीच शीळ वाजू लागली.

"अहो, पेटी दिलीत आणि आवाज माझ्या गळ्यात मारलात की!" ती हसली.

डॉक्टरांना काही सापडेना. शीळ वाढतच गेली. मला घरात बसवेना. शेवटी एका दुपारी मी पेटी परत मागायला गेलो.

"बरे आलात काका," दुरुस्तीवाला खुशीत म्हणाला. "आत्ताच भोक बुजवलं. ऐका, शीळ बंद!"

मी धावत घरी आलो. घरात कसलाच आवाज नव्हता.

बायको त्याच दुपारी वारली.