पापणीचा केस

तिनं स्वतःच्याच पापणीचा एक केस काडीच्या टोकाला चिकटवला होता. दोन दिवसांच्या माशाच्या पिल्लाला टोचून बघायला त्याहून नाजूक हत्यार अख्ख्या प्रयोगशाळेत नव्हतं. पहिल्या बशीतली पिल्लं केस नुसता लागला तरी सुळकन पळाली. दुसऱ्या बशीतल्या पिल्लांमध्ये तिनं एकच प्रथिन बनू दिलं नव्हतं. वेदना कळवणाऱ्या नसा घडवायला बाकीच्या जनुकांना कामाला लावतं, ते. ही पिल्लं मजेत वळवळत होती, पण कितीही टोचा, ढिम्म! दोन वर्षं रखडलेला प्रयोग एकदाचा साधला होता. ती जागच्या जागी नाचायचीच बाकी होती, तेवढ्यात घरी तिच्या बाळाला सांभाळणाऱ्या सासूबाईंचा फोन आला.

"अगं, नातू म्हणजे नुसता वाघ आहे हं माझा! परवा लस टोचली तेव्हा हूं की चूं केलं नाही. आज नव्या दातांनी जीभ चावून घेतली, तोंडभर रक्त, तरी बसलाय आपला खुळखुळा वाजवत. इतकं गुणी बाळ मी जन्मात पाहिलं नाही."

तिची नजर दुसऱ्या बशीवर गेली आणि तिथंच खिळली.

"आई, त्याच्या पायाला चिमटा काढा."

"काहीतरीच काय तुझं!"

"काढा म्हणते ना, आई. जोरात काढा."

"हा घे, काढला!" सासूबाई म्हणाल्या. मग बाळ खळखळून हसलं.