शालूतील वनमाला

नाहूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात दत्ताराम पेंटर आपल्या दिवंगत पत्नीचे, वनमालेचे, तैलचित्र रंगवीत होते. समोर खुर्चीवर त्यांची मेहुणी जानकी बसली होती. तिच्या अंगावर स्वतःच्या लेकीच्या लग्नातला जांभळा शालू होता. गळ्यात कोल्हापुरी साज, नाकात मोत्यांची नथ. यातले काहीही वनमालेच्या अंगाला आयुष्यात लागले नव्हते.

भिंतीवर एका जुन्या कॅलेंडरचे पान चिकटविलेले होते. त्यावरच्या चित्रात कोणा परदेशी चित्रकाराने शतकांपूर्वी आपल्या पत्नीस मखमल व मोती लेववून रंगविले होते. त्या पानाकडे बोट दाखवून वनमाला म्हणत असे, "बघा, नवरा असावा तर असा!"

शालूचा काठ उत्तम साधला होता. मोत्यांत प्रकाश उतरला होता. अखेरीस मुखही पूर्ण झाले. जानकी उठून चित्रापुढे आली व तिने नकळत हात जोडले. मग तिचे तिलाच हसू आले.

"भावोजी, ही तर मंडळातली देवी झाली ना! आमच्या ताईचं नाक एवढं सरळ कधी होतं?"

दत्तारामांनी निरखून पाहिले. नवरात्रासाठी जन्मभर देवीचे पडदे रंगविलेल्या त्यांच्या हाताने तेच विशाल नेत्र, तेच शांत स्मित येथेही उमटविले होते. त्यांनी टर्पेंटाइनची चिंधी उचलली व ते मुख पुसून टाकले.

"अहो, फोटो बघून काढा ना."

"फोटोत ती गप्प आहे गं. गप्प बसलेली मला ती आठवतच नाही." त्यांनी चिंधी ठेवून कुंचला उचलला. "जानकी, एकदा तिच्यासारखी ओरड माझ्यावर."

"काहीतरीच काय, भावोजी!"

"ओरड गं. तुझा आवाज अगदी तिचाच आहे."

जानकीने शालूचा पदर कमरेस खोचला.

"अहो, ऐकू येतं का? कुळथाची पिठी निवली, भात निवला! आणि रंगाचे हात ताटाला लावाल तर बघा!"

दत्तारामांचा कुंचला हवेतच थांबला. त्यांनी जानकीकडे पाहिले नाही. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले.

"आलो गं, आलो," असे म्हणून ते मोरीपाशी बसले व नखांतला रंग निघेपर्यंत हात धूत राहिले.