कॅनडाचं पाकीट

"गोकुळाबाई, सही तुमचीच लागन," वारलू पोस्टमन म्हणाला आणि त्यानं जाड पाकीट पुढं केलं.

"सून धानाच्या बांधीत गेली आहे. रोवणी चालू आहे ना. तिचंच असन ते."

"तुमी करा ना. तुमी घरी आहा."

गोकुळानं वाकड्यातिकड्या अक्षरांत नाव काढलं. "काय आहे जी आत?"

"पासपोर्ट दिसते. दिल्लीहून आला. झालं आता, कॅनडाचं विमान!"

वारलूची गाडी वळणाआड गेली तरी ती ओट्यावर उभीच होती. मग आत जाऊन तिनं तांदळाच्या कोठीचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि पाकीट तळाशी दाबून टाकलं. आजवर तिनं कोणाचं काही लपवलं नव्हतं.

तिचा नवरा तलावात मासे धरायचा. तो वारला तेव्हा मुलगा अमर ब्रह्मपुरीच्या कॉलेजात होता. एकुलता एक. शिकला, कॅनडात गेला, आणि चार वर्षांपूर्वी येऊन वरोऱ्याच्या रुपालीशी लग्न करून गेला. वीस दिवस राहिला. निघताना म्हणाला, "मी तिथी पक्का रहिवासी झालो, आई. आता बायकोले बोलावता येते. अर्ज टाकला. वर्षभर लागन."

वर्ष गेलं, दुसरंही गेलं. बोअरिंगवर पाणी भरणाऱ्या बायांनी विचारणं सोडून दिलं.

एवढ्या दिवसांत दोघींना एकमेकींची सवय झाली. वाघाच्या भीतीनं दिवेलागणीलाच दार लागे. मग भात आणि झिंग्यांची भाजी घेऊन दोघी चुलीपाशी समोरासमोर बसत. गोकुळा तलावाच्या, नवऱ्याच्या, मेलेल्या माणसांच्या गोष्टी सांगायची. रुपाली त्याच त्या गोष्टी नव्यानं ऐकल्यासारखी ऐकायची.

मधूनमधून रुपाली ब्रह्मपुरीला जाई. "वकिलाकडं कागदाची तारीख आहे, आई," एवढंच सांगे. येताना काळीपिवळी जीपमधून उतरली की चेहरा पार सुकलेला असे. गोकुळाला वाटे, लेकरू कंटाळलं आता.

गेल्या वर्षापासून तर सासूचेही कागद लागायला लागले. पोलीस घरी आला, गोकुळाचं वय, जन्मगाव विचारून गेला. पांढऱ्या पडद्यापुढं तिचा फोटो निघाला. बोटांच्या ठशांसाठी दोघी नागपूरला गेल्या, मग पुन्हा दवाखान्यात तपासणीसाठी.

"माझी छाती काऊन पाहून राह्यले?" तिनं विचारलं होतं.

"घरच्याईचं लागते, आई," रुपाली म्हणाली.

गोकुळानं पुढं विचारलं नाही. जितकं कमी विचारावं तितका तिच्या जाण्याचा दिवस लांब राहील, असं तिला वाटे.

रविवारी अमरचा फोन यायचा. रुपाली तो लावून सासूच्या हातात देई आणि कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात जाई. लाजते, म्हणून गोकुळा हसे.

पण तो दिवस आला म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. शेजारच्या मनकर्णाचा लेक-सून पुण्याला गेले. आता मनकर्णा बकऱ्यांशी बोलायची. आधी नावं घेऊन, मग भांडण काढून. एकदा गोकुळानं हाक मारली, तर तिनं साधी 'ओ' दिली नव्हती. माणसाचा आवाज तिला ओळखूच आला नाही.

संध्याकाळी चिखलाचे पाय घेऊन रुपाली दारात उभी राहिली.

"आई, पाकीट आलं काय? मोबाइलवर तं पोचलं दाखवते."

"नाई बाई."

रुपालीनं तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि पाय धुवायला निघून गेली. मग रोजच विचारू लागली. रोज तेच उत्तर.

त्याच दिवसांत तिनं सासूला मोबाइल शिकवायला घेतला. "हे हिरवं दाबा. मी जवळ नसन तवा कोण लावून देईन?"

गोकुळा मुद्दाम लाल दाबायची.

आठव्या दिवशी सकाळी ती शेणी आणायला घरामागं गेली, तर रुपाली पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती.

"एकडाव पाकीट पाहा ना सर. वेळ लय कमी आहे जी. आता जाणं नाई झालं तं मंग काही उपेग नाई."

फोन धरलेल्या बोटांना रोवणीच्या पाण्यानं भेगा पडल्या होत्या. गोकुळानं त्या भेगा पाहिल्या. चार वर्षं. त्यात संसार वीस दिवसांचा. आणि आपण हिला धरून बसलो.

ती आत गेली. कोठीत हात घालताना तांदूळ भुईवर सांडला, तिला भान नव्हतं. पाकीट घेऊन ती रुपालीपुढं उभी राहिली.

"मी लपवलं. तू गेली तं मी कोणासंग बोलू, म्हून लपवलं. मले माफ कर, बाई. माह्याकडं पाहू नको आता. जा तू."

रुपाली रागावली नाही. तिनं घाईनं पाकीट फाडलं, पासपोर्टची पानं उलटली, व्हिसा चिकटवलेल्या पानावर थांबली, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास सोडला. मग पहिलं पान उघडून तिनं तो सासूच्या हातात दिला.

पांढऱ्या पडद्यापुढचा गोकुळाचा चेहरा.

"हे तं माझं आहे," गोकुळा म्हणाली. "तुझं कुठी आहे?"

"माझं नाई." रुपालीनं सासूच्या पदराला चिकटलेले तांदळाचे दाणे एकेक करून काढले. "अमरच्या नव्या बायकोले सातवा महिना लागला, आई. तुमी वेळेवर पोचाल."